दहा गुंठे राय

२८ एप्रिल

डेल,

फाडण्याआधी एवढं वाच. कुणी मेलेलं नाही. व्हर्ना बरी आहे, अजून माझीच बायको आहे, घर उभं आहे आणि मी तर ठणठणीत आहे. तीन वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हटल्यावर तुला वाटणार, कुणाला तरी पुरलं असेल. तसं काही नाही. मी शेती करतोय, एवढीच बातमी.

हसू नकोस. बाबांचं बटाट्याचं वावर आठवतं ना, घरामागचं, अल्डरच्या झुडपांपर्यंत उतरत जाणारं? तिथे आता कमरेएवढे नेचे माजलेत. त्यातले दहा गुंठे मी साफ करणार आणि हरणांसाठी चारा पेरणार. पंधरा नोव्हेंबरला शिकारीचा हंगाम उघडेल, तेव्हा मी माझ्याच घरामागे जमिनीवर, माझ्या चाकाच्या खुर्चीत बंदूक घेऊन बसलेला असेन. डावा पाय ऐकत नाही आणि उजवा मनात आलं तर ऐकतो. मला हरणांमागे जाता येत नाही, तर हरणांनी माझ्याकडे यायचं.

गेल्या वर्षी शिकारीच्या मंडळींनी मला उचलून रानातल्या खोपटावर नेलं होतं. प्रेमानेच नेलं, त्यांना नावं ठेवत नाही. पण सकाळी सगळे बंदुका घेऊन बाहेर पडले आणि जाताना माझ्या पुढ्यात बटाट्यांची बादली ठेवून गेले. "लाइल, तेवढे सोलून ठेव." मी सोलले. बाहेर गोळ्यांचे आवाज येत होते आणि मी सालं काढत होतो. परत ते करणार नाही.

आणि हो, मी मचाणावरून पडलो त्या दिवसाचं तू मनाला लावून घेऊ नकोस. मचाणाचा पट्टा कुणाच्याही हातून सैल राहू शकतो. मी तुला केव्हाच माफ केलंय.

लाइल

२ जून

डेल,

उत्तर नाही. ठीक. पत्र परतही आलं नाही, म्हणून लिहितोय.

बाबा म्हणायचे की या जमिनीत दगडच पिकतात. खरं होतं त्यांचं. आठ दिवस मी पोटावर सरपटत दगड वेचले. खुर्ची वावराच्या कडेला लावायची, खाली उतरायचं, कोपरांवर पुढे सरकायचं, दगड पोत्यात टाकायचा, पोतं दोरीने ओढायचं. पहिल्या दिवशी सहा हात जागा झाली. काल मी एका दिवसात साठ हात साफ केली. साठ!

तिसऱ्या दिवशी शेजारच्या हिल्यामावशी रस्त्याने चालल्या होत्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या झाल्यात, पण कुंपणावरून डोकावायची सवय गेलेली नाही.

"काय रे, काय हरवलं?"

"दगड वेचतोय, मावशी."

"पोटावर?"

"पायांवर जमत नाही म्हणून."

"तू हरणांची खानावळ काढतोयस म्हणे. आधी गिऱ्हाइकाला पोटभर वाढायचं आणि मग गोळी घालायची! अशा खानावळीत कोण येणार रे?"

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत तर येतील."

त्या निघून गेल्या. तासाभराने फट्‌फट्‌ ऐकू आलं. आपल्या नवऱ्याचा तो जुना लाल ट्रॅक्टर घेऊन आल्या होत्या, मागे कुळव जोडून. त्या ट्रॅक्टरला मॅकीकाका जिवंत असेतो कुणाला हात लावू देत नसत.

"काकांना चाललं असतं का?" मी विचारलं.

"तो आता काय बोलणार?" मावशी म्हणाल्या आणि सरळ नेच्यांत घुसल्या.

तीन पाळ्या घातल्या त्यांनी. माती तपासून आणली. आंबट निघाली, आपल्या एल्मा आत्यासारखी. मग चुनखडीच्या भुकटीची वीस पोती आली. मावशी ट्रॅक्टरवर, मागच्या गाड्यावर मी, हातात कोळशाचं फावडं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरा झालो होतो. व्हर्ना दारातच आडवी उभी राहिली. "भुतांना मी घरात घेत नाही." मग तिथेच पाइपाने धुतलं मला, आणि हसली. तिचं ते हसणं ऐकून किती दिवस झाले होते, डेल.

लाइल

९ ऑगस्ट

डेल,

आज बढाई नाही. तीन तारखेला पेरलं. सलगम आणि क्लोव्हरचं गवत. बी उडवणारा डबा छातीला बांधला, मी त्याची दांडी फिरवली, मावशींनी ट्रॅक्टर चालवला. मग आजीच्या लोखंडी पलंगाची स्प्रिंगची जाळी मागे ओढली, बी झाकलं जावं म्हणून. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा वावराच्या कडेला बसून.

पाच तारखेला पाऊस आला. पाऊस हवाच होता, पण असा नव्हे. पाऊण तासात वावर उताराने वाहत खाली गेलं. काल पाहिलं तर वर नुसते ओहोळाचे चरे आहेत आणि खाली अल्डरपाशी चिखलाचा ढीग. माझं सगळं बी त्या ढिगात आहे.

पहिल्या पत्रात ठणठणीत आहे असं लिहिलं होतं. ते आता खरं आहे, तेव्हा अर्धंच होतं. तुला कुणी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतो. त्याआधीच्या हिवाळ्यात मीच व्हर्नाला बंदुका घरातून हलवायला सांगितलं होतं. एप्रिलपर्यंत त्या हिल्यामावशींच्या तळघरात होत्या. एप्रिलमध्ये मी म्हटलं, परत आणा, मला हरीण मारायचंय. व्हर्नाने विचारलं, "हरीणच ना?" मी म्हटलं, "हरीणच." मग ती गाडी काढून गेली.

म्हणून हे वावर वाहून गेलेलं मला परवडणार नाही. परत काय पेरावं, अजून कळलेलं नाही. पण पेरणार.

लाइल

२५ ऑगस्ट

डेल!

तुझं कार्ड आलं. व्हर्नाने टपालपेटीतून आणलं, टेबलावर ठेवलं आणि भांडी घासायला गेली. तिला तुझं अक्षर ओळखू आलं. मी ते सात वेळा वाचलं. एवढ्याशा मजकुराला सात वेळा म्हणजे अतिच, पण वाचलं.

"राय पेर. उतारावर आडवी पेर, गाढवा."

तीन वर्षांत तू मला पहिल्यांदा गाढव म्हणालास. फार बरं वाटलं.

मावशींना कार्ड दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. उभ्या रेघा कोणी मारल्या होत्या?"

"तुम्हीच चालवत होतात की."

"मी तू सांगशील तसं चालवत होते. शेत तुझं आहे."

तर काल राय पेरली, थंडीला न डरणारं ते गव्हाच्या जातीचं धान्य, उताराला आडवी, अगदी पायऱ्यांसारखी. पलंगाची जाळी परत फिरवली. मागे गाड्यावर बसून मी दांडी फिरवत होतो आणि मोठमोठ्याने गात होतो. गाणं कोणतं ते विचारू नकोस, मावशींनी चर्चमध्ये सांगायचं नाही असं कबूल केलंय.

तुझा भाऊ (असं लिहिलं तर चालेल ना),
लाइल

१७ सप्टेंबर

डेल,

राय उगवली. पाचव्या दिवशी लालसर सुया दिसल्या, दहाव्या दिवशी हिरवी चादर. आता वीतभर आहे. आणि गंमत म्हणजे वाहून गेलेलं बी मेलेलं नाही! त्या चिखलाच्या ढिगात सलगम इतकं दाट उगवलंय की पाय ठेवायला जागा नाही. वर राय, खाली सलगम. मला जे जमलं नाही ते पावसाने केलं. परवा संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सात हरणं मोजली. व्हर्ना माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. आम्ही दोघं श्वास धरून पाहत होतो, चर्चमध्ये असावं तसे.

आता दुसरं. हे लिहायला चार दिवस लागले.

बसायचं लपण बांधायला घेतलंय. फळ्यांची छोटी खोली, खुर्ची आत जाईल एवढं दार. रविवारी छप्पर चढवलं आणि वारा सुटला. मी व्हर्नाला कोठारातून बांधायला काहीतरी आण म्हटलं. तिने एक पट्टा आणला. तोच होता, मचाणाचा. तिने तो माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "डेलने हा तेव्हा नीट बांधला असता, तर आज हे सगळं करावं लागलं नसतं."

हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. तीन वर्षांत शंभरदा म्हणाली असेल आणि शंभरदा मी गप्प बसलो. त्या दिवशी मला गप्प बसता आलं नाही. मी तिला जे सांगितलं तेच तुला सांगतो.

त्या सकाळी तू बांधलेलं सगळं घट्ट होतं. दोन्ही पट्टे. तू मचाणाचं तोंड टेकडीकडे केलं होतंस आणि मला ते ओढ्याकडे हवं होतं. म्हणून शिडीवर उभा राहून मी खालचा पट्टा सोडला, मचाण वळवलं आणि हातमोजे न काढता पट्टा कसाबसा ओढला. घट्ट झाला का, हे पाहिलं नाही. वर चढलो, तेवढ्यात हरणाची एक मादी दिसली. कमरेचा पट्टा लावायचाही राहिला. मी वळलो आणि मचाण माझ्यासकट वळलं.

हॉस्पिटलमध्ये तू माझ्या पायाशी उभा राहून सारखा एकच म्हणत होतास, "मी घट्ट बांधला होता. दोनदा ओढून पाहिला होता." व्हर्ना तुझ्यावर ओरडली, "मग तो पडला कसा?" मी डोळे मिटून पडलो होतो, पण मी जागा होतो, डेल. सगळं ऐकत होतो.

आधी वाटलं, दुखणं जरा कमी झालं की सांगू. मग ऐकलं की तू विजेच्या खांबावर चढायला नकार दिलास. वीस वर्षं वादळात तारा जोडणारा माणूस, खाली उभा राहून दुसऱ्यांना दोर देऊ लागला. मग तू नोकरी सोडलीस आणि डकोटाला गेलास. प्रत्येक वेळी सांगणं अजून अवघड झालं आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं, आता काय उपयोग. खरं म्हणजे माझी दया यायची लोकांना, तुझा राग यायचा. दया सोडवत नव्हती मला.

तुझ्या हातांनी काहीही चुकलं नव्हतं. पहिल्या पत्रात मी "माफ केलं" असं लिहिलंय ना, ते वाक्य खोडून टाक. माफी मी मागायची आहे. मागतोय. देण्याची घाई करू नकोस, आणि दिली नाहीस तरी मी समजेन.

लाइल

२२ ऑक्टोबर

डेल,

टपालपेटी रोज पाहतो. बिलं आणि बियाण्यांची जाहिरात येते. तुझं काही नाही. तक्रार करत नाहीये, फक्त सांगतोय.

व्हर्ना नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट ठेवायची तेव्हा टेबल हलायचं. दहाव्या दिवशी म्हणाली, "मी त्याला खुनी म्हटलं होतं, लाइल. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. तुला तेही ऐकू गेलं होतं?" मी म्हटलं, नाही, ते नव्हतं गेलं. ती म्हणाली, "मला गेलंय, रोज जातं." मग या पत्राच्या खाली चार ओळींची जागा ठेवायला सांगितली आहे. मी त्या वाचणार नाही.

बाकी कळवायला आनंदाचंच आहे. पहिलं कडक दहिवर पडलं आणि सलगमाची पानं गोड झाली. आता हरणं दुपारी चारलाच येतात. लपण मी आणखी खाली, सलगमाच्या ढिगाकडे तोंड करून हलवलं. हिल्यामावशींनी ट्रॅक्टरने ओढलं, वर बसून मी शिव्या खाल्ल्या. आठ टोकांच्या शिंगांचा एक नर आहे. मान ट्रॅक्टरच्या चाकाएवढी. तो उशिरा येतो, बाकीच्यांना आधी खाऊ देतो. मावशी म्हणतात, "शहाणा आहे. खानावळीचं जेवण आधी दुसऱ्याला चाखायला लावतो."

कुबड्यांवर मी आता कोठारापर्यंत जातो. जाऊन परत येतो. दोन्ही.

लाइल

डेल, मी व्हर्ना. मला लिहिता येत नाही नीट. तुझी खोली झाडून ठेवली आहे. ती तीन वर्षं बंद होती ती माझ्यामुळे.

१५ नोव्हेंबर, दुपार
हिल्यामावशींच्या हातून

डेल,

तुझी गाडी मावशींच्या गोठ्यामागे लपवली आहे म्हणे. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला गुपित सांगायचं असतं का? हरीण ओढायला ट्रॅक्टर घेऊन आल्या आणि तोंड इतकं घट्ट मिटून बसल्या की मला कळलंच. मी म्हटलं, "मावशी, कोण आलंय?" त्या म्हणाल्या, "मी काही सांगणार नाही. परवा संध्याकाळी आला, चार अंडी खातो आणि कोणाशी बोलत नाही."

नसेल बोलायचं तर बोलू नकोस. पण तू तिकडे भिंतीआड बसून गोळीचा आवाज ऐकला असशील, तर इकडे वावरात काय झालं ते तुला कळायला हवं. ते ऐकायला तुझ्यापेक्षा जास्त हक्काचा माणूस नाही.

सकाळी साडेसहाला व्हर्नाने मला लपणापर्यंत सोडलं आणि जायला सांगितलं तशी गेली. आत मी एकटा. तीन वर्षांत पहिल्यांदा रानात एकटा. उजाडलं तेव्हा राय दहिवराने पांढरी होती. आधी दोन माद्या आल्या. मग एक पाडस. ती खात राहिली, मी पाहत राहिलो. बंदूक दोनदा खाली ठेवली, दोनदा उचलली. मनात आलं, लाइल, तुला जमणार नाही, घरी जा आणि बटाटे सोल.

साडेआठला तो अल्डरमधून बाहेर आला. सलगमात मान घातली आणि मुळासकट उपटून खाऊ लागला, माझं सलगम, कर्रम कर्रम आवाज करत. तो आवाज ऐकला आणि डेल, या वेळी मी बंदूक खाली ठेवली नाही. तो आडवा वळेपर्यंत मी वाट पाहिली. एक गोळी.

त्याने उडी मारली आणि झुडपांत गेला. मग काहीच आवाज नाही.

व्हर्ना येईपर्यंत थांबायचं असं ठरलं होतं. मी थांबलो नाही. खुर्ची चिखलात दहा हात गेली आणि रुतली. मी उतरलो. पोटावर झोपलो आणि कोपरांवर निघालो. दगड वेचण्याचा सराव होताच, आणि त्या वावरात आता दगड नव्हतेच. रक्ताची रेघ दिसली. रायीतून सरपटत, सलगमातून सरपटत, झुडपांत चाळीस पावलं. तो तिथे होता, कुशीवर, तोंडात अजून हिरवं पान. गोळी बरोबर जागी लागली होती, त्याला कळलंसुद्धा नसेल.

मी त्याच्या मानेवर हात ठेवून पडून राहिलो. ऊब होती. मग शिंगाला परवान्याची चिठ्ठी बांधली, माझ्या नावाची, एका चिठ्ठीवर एकच हरीण. व्हर्ना धावत आली तेव्हा तिला आधी रिकामी खुर्ची दिसली आणि ती किंचाळली. मी झुडपांतून ओरडलो, "इकडे ये, वेडे! मी मारलंय! मी!" ती चिखलात माझ्या शेजारी बसली आणि आम्ही दोघं हसत होतो की रडत होतो, ते तो नरच जाणे.

तर तो आता कोठारात टांगलाय. व्हर्ना काळीज आणि कांदे परतणार आहे. सौनाची वाफेची खोली पाच वाजता तापेल. तीन जणांपुरतं पाणी भरलंय.

लाइल

१६ नोव्हेंबर, सकाळ
स्वयंपाकघराच्या टेबलावर

डेल,

तू वर झोपला आहेस, म्हणून लिहून ठेवतोय. या वर्षीची सवय, काय करणार.

काल सौनात तू जे बोललास त्यातलं एक अक्षर मी विसरणार नाही. "तीन वर्षं मी साधा बुटाचा बंद बांधला तरी स्वतःवर विश्वास ठेवला नाही, आणि तू जागा होतास." मी तापल्या दगडांवर पाणी टाकलं. मग तू म्हणालास, "माझा राग गेलेला नाही." नसू दे. राग घेऊन जेवायला ये, राग घेऊन नाताळला ये. टेबलावर त्यालाही जागा आहे.

तुझं ओलं जाकीट शेगडीपाशी वाळत घालत होतो, तेव्हा खिशातून एक कागद पडला. मिशिगनचा शिकारीचा परवाना, परराज्यातल्या माणसाचा. तारीख बावीस सप्टेंबर. माझं ते पत्र तुला वीस किंवा एकवीसला मिळालं असेल. म्हणजे ऑक्टोबरभर मी टपालपेटी उघडून पाहत होतो आणि तू परवाना खिशात घालून बसला होतास! एक ओळ टाकली असतीस तर काय बिघडलं असतं, गाढवा?

रात्रीत चार बोटं बर्फ पडलंय. राय त्यातून वर डोकावतेय, हिरवीगार. आत्ता खिडकीतून बघतोय, तिच्यात तीन माद्या आहेत आणि अल्डरपाशी एक नर उभा आहे. कालच्यापेक्षा मोठा. देवाशप्पथ मोठा. हा आजवर कुठे होता कुणास ठाऊक.

माझी चिठ्ठी वापरून झाली. हा तुझा.

कॉफी चुलीवर आहे, बंदूक दाराशी. वारा ओढ्याकडून आहे, तेव्हा कोठाराच्या बाजूने जाऊ. मी कपडे घालून ओसरीवर बसलोय, कुबड्या हाताशी आहेत, लपणापर्यंत मी चालत येणार आहे.

ऊठ.

लाइल